जुनी स्पोर्ट्स कार, नवे इंजिन आणि मधला क्लच

जुन्या दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये नवे इंजिन बसवायचे म्हटले की चर्चा आधी अश्वशक्तीची सुरू होते. प्रत्यक्ष कामात सर्वांत जास्त वेळ जातो तो इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या वीतभर जागेत. फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि ते सरकवणारी यंत्रणा एवढ्याच वस्तू तिथे असतात. त्यांची मापे जुळली तर गाडी वर्षानुवर्षे तक्रार न करता चालते. दोन मिलिमीटर चुकले, तर इंजिन कितीही उत्तम असले तरी पहिला गिअर पडताना दात घासल्याचा आवाज येतो आणि सगळे पुन्हा खाली उतरवावे लागते.

एमजी टीडी ही 1950 ते 1953 या काळात बनलेली ब्रिटिश गाडी उदाहरण म्हणून घेता येते. तिचे इंजिन 1250 सीसीचे आणि सुमारे 54 अश्वशक्तीचे होते. गिअर चार होते आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हते. चेसिस पोलादी शिडीसारखी, तर वरच्या बॉडीचा सांगाडा अ‍ॅश लाकडाचा होता. अशा गाडीचे मूळ इंजिन झिजले की मालकापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे परदेशातून भाग मागवून ते पूर्ववत करणे. दुसरी म्हणजे नव्या काळातले, सुटे भाग कुठेही मिळणारे इंजिन बसवून गाडी रोज रस्त्यावर आणणे. या लेखात दुसऱ्या वाटेचा विचार केला आहे.

ही वाट जुनीच आहे. ब्रिटनच्या एसी एस या हलक्या गाडीत कॅरॉल शेल्बी यांनी 1962 मध्ये फोर्डचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवले आणि त्यातून कोब्रा जन्मली. एमजीबीमध्ये रोव्हरचे साडेतीन लिटरचे इंजिन आधी केन कॉस्टेलो यांनी बसवले. नंतर 1973 मध्ये कंपनीने स्वतःच तशी एमजीबी जीटी व्ही8 बाजारात आणली. यातली खरी हुशारी इंजिनाच्या निवडीत होती. रोव्हरचे इंजिन अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने आठ सिलिंडर असूनही त्याचे वजन मूळच्या बिडाच्या चार सिलिंडर इंजिनाएवढेच भरे. त्यामुळे गाडीचा पुढचा भाग जड झाला नाही आणि स्टिअरिंगचा स्वभाव टिकून राहिला.

महाराष्ट्रातले सर्वांत जवळचे उदाहरण अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत सापडते. चिंकारा मोटर्सची रोडस्टर ही 1957 च्या लोटस सेव्हनच्या घडणीवर बेतलेली उघडी गाडी. तिच्यात हिंदुस्थान मोटर्सच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये येणारे इसुझूचे 1817 सीसीचे इंजिन वापरले गेले. शेजारच्या गोव्यात सॅन मोटर्सने स्टॉर्म ही फायबरच्या बॉडीची दोन आसनी गाडी बनवली, तिला रेनोचे 1149 सीसीचे इंजिन होते. दोन्ही गाड्या नव्याने घडवलेल्या होत्या, जुन्या गाडीत केलेले बदल नव्हते. तरीही त्यांच्यातला फरक या विषयासाठी मोलाचा आहे. रोडस्टरमध्ये इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते आणि ताकद मागच्या चाकांना मिळते. स्टॉर्ममध्ये इंजिन आडवे आहे आणि पुढची चाके फिरतात. जुन्या स्पोर्ट्स कार बहुतेक पहिल्या प्रकारच्या असतात. म्हणून आजच्या छोट्या मोटारीचे आडवे इंजिन स्वस्तात मिळाले तरी ते उभे करताना त्याला जुळणारा गिअरबॉक्स मिळत नाही. एक्झॉस्ट स्टिअरिंगच्या दांड्यावर येते आणि पाण्याचे पाइप फायरवॉलला टेकतात.

भारतात या कामासाठी विचारात घेण्यासारखे इंजिन मारुती जिप्सीचे आहे. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत, किंवा देशातल्या कोणत्याही छावणीत, लष्कराच्या हिरव्या जिप्सी अनेक वर्षे लोकांच्या रोजच्या पाहण्यात राहिल्या आहेत. 1298 सीसीचे हे इंजिन अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचे असून ते उभे बसते. इंधन फवारणीच्या आवृत्तीत ते 80 अश्वशक्ती आणि 103 न्यूटन-मीटर टॉर्क देते. टीडीच्या मूळ इंजिनाचा टॉर्क सुमारे 87 न्यूटन-मीटर होता, म्हणजे वाढ बेताचीच होते. इथे लोभ आवरण्यात शहाणपण आहे. सत्तर वर्षांपूर्वीची चेसिस, लाकडी सांगाडा, ड्रम ब्रेक आणि मागचा अ‍ॅक्सल हे सगळे 87 न्यूटन-मीटरसाठी बनलेले आहे. दुप्पट टॉर्क दिला तर पहिला घाव अ‍ॅक्सलच्या शाफ्टवर बसतो. जिप्सीची आणखी एक सोय म्हणजे तिचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा असतो आणि एका आखूड शाफ्टने जोडलेला असतो. तो वगळून पाच गिअरच्या बॉक्सचे मागचे टोक थेट प्रोपेलर शाफ्टला जोडता येते.

गिअरबॉक्सही नवा घ्यायचा की जुनाच ठेवायचा, हा पुढचा निर्णय. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतून उचलले तर बेल हाउसिंग, फ्लायव्हील आणि क्लच आपसात जुळलेलेच असतात. मग प्रश्न फक्त क्लच दाबण्याच्या यंत्रणेचा उरतो. इंजिन एका गाडीचे आणि गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा असेल तर दोहोंच्या मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते. ब्रिटनमध्ये एमजीच्या मूळ इंजिनामागे फोर्ड सिएराचा पाच गिअरचा बॉक्स लावण्याची पद्धत रूढ आहे, तिथेही ही प्लेट लागतेच.

अ‍ॅडॉप्टर प्लेट दिसायला साधी असते. अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती, एका बाजूला इंजिनाच्या बोल्टची भोके आणि दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सच्या. तिचे खरे काम पकडून ठेवण्यापेक्षा केंद्र जुळवण्याचे आहे. क्रँकशाफ्टचा अक्ष आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा अक्ष एकाच रेषेत हवेत. बोल्ट आपल्या भोकात थोडा हलतो, म्हणून हे काम बोल्टवर सोडता येत नाही, ते घट्ट बसणाऱ्या डॉवेल पिना करतात. तपासण्यासाठी फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून क्रँक हाताने पूर्ण फेरा फिरवतात आणि बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेवर काट्याची हालचाल पाहतात. डायलवरचा एकूण फरक पाव मिलिमीटरच्या आत असावा. त्याहून जास्त असेल तर इनपुट शाफ्ट दर फेऱ्याला किंचित वाकवला जातो, पायलट बुश झिजतो आणि क्लच प्लेटचा मधला भाग सैल होतो. गाडी हजारभर किलोमीटर नीट चालते आणि मग बिघडते. तोवर दोष प्लेटचा आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

असे काम करण्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतल्या गाडीमालकाला फार लांब जावे लागत नाही. नगर नाका ओलांडला की वाळूजचा रस्ता लागतो. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना 1985 पासून आहे आणि त्याच्या मागोमाग सुट्या भागांचे मोठे जाळे उभे राहिले. याच शहरात वाढलेली एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज क्लच, डिस्क ब्रेक आणि डायकास्टिंगचे भाग बनवते. दुचाकीचा क्लच तेलात बुडालेला आणि अनेक चकत्यांचा, तर मोटारीचा बहुधा कोरडा आणि एकाच चकतीचा असतो. पण शतांश मिलिमीटरची शिस्त दोन्हीकडे सारखीच लागते. शेंद्र्याच्या कारखान्यात 2001 पासून जोडल्या गेलेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाचा क्लच हायड्रॉलिकच आहे. त्यामुळे ही यंत्रणा इथल्या मेकॅनिकच्या हाताला परकी नाही. वाळूज किंवा चिकलठाण्यात व्हीएमसी मशीनवर जॉब करून देणाऱ्या वर्कशॉपला नीट मापांचे ड्रॉइंग दिले की प्लेट तयार होते. ड्रॉइंग काढणे मात्र घाईचे काम नव्हे. दोन्ही हाउसिंगची मापे डॉवेलच्या भोकांपासून घ्यायची असतात, कारण ओतकामाच्या बाहेरच्या कडेवर विसंबता येत नाही.

प्लेट बसल्यावर दोन साधे प्रश्न उरतात. इनपुट शाफ्टचे टोक पायलट बुशात पुरेसे शिरते का? शाफ्टच्या खाचा क्लच प्लेटच्या हबमध्ये पूर्ण बसतात का? खाचा गिअरबॉक्सच्या असतात आणि प्लेटचा व्यास फ्लायव्हील ठरवते. म्हणून पुष्कळदा एका गाडीचा हब आणि दुसरीच्या मापाचे अस्तर अशी मिश्र क्लच प्लेट बनवून घ्यावी लागते.

आता क्लच दाबण्याची यंत्रणा. टीडीच्या काळात पेडलची हालचाल सळई किंवा केबलने क्लचपर्यंत जात असे. 1955 मध्ये आलेल्या एमजीएमध्ये त्याच कंपनीने हायड्रॉलिक क्लच दिला. त्याला कारण होते. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसते आणि चालताना डोलते. नव्या इंजिनाचे फाउंडेशन अधिक मऊ असते, म्हणून ते अधिकच डोलते. सळईची जोडणी असेल तर हे डोलणे पेडलपर्यंत येते आणि पेडलचा दाब उलट क्लचला धक्के देतो. गाडी निघताना थरथरते. जिप्सीचा क्लच केबलचा आहे, पण जिप्सीत केबलचा मार्ग तिच्या पेडलसाठी आखलेला असतो. टीडीत पेडल गाडीच्या तळाखालच्या पिनेवर फिरते, स्टिअरिंग आणि एक्झॉस्ट आपापल्या जागा अडवून बसलेले असतात. केबल तीव्र वळणातून न्यावी लागली की ती जड होते, एक्झॉस्टजवळून नेली की आतले आवरण वितळते. तेलाच्या नळीला या कशाचेच फारसे वावडे नाही. ती हवी तशी वळवता येते आणि शेवटचा लवचिक तुकडा इंजिनाचे डोलणे गिळून टाकतो.

तत्त्व पास्कलचे आहे. बंद द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. पेडल मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलते. तेल नळीतून स्लेव्ह सिलिंडरकडे जाते. स्लेव्हचा पिस्टन फोर्क ढकलतो आणि फोर्क रिलीज बेअरिंगला प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या बोटांवर दाबतो. बोटे आत गेली की प्रेशर प्लेट मागे सरते आणि क्लच प्लेट मोकळी होते. या साखळीत प्रत्येक टप्प्याला अंतर कमी होते आणि जोर वाढतो, किंवा उलट. दोन्ही एकदम वाढवता येत नाहीत. हायड्रॉलिक क्लचचा सगळा हिशेब या एका वाक्यात मावतो.

हिशेब करून पाहिला की गोष्ट स्पष्ट होते. पेडल 150 मिमी दाबले जाते आणि त्याचे गुणोत्तर 6 ला 1 आहे असे धरू. मास्टरचा पिस्टन 25 मिमी सरकेल. मास्टरचा व्यास पाऊण इंच म्हणजे 19.05 मिमी असेल तर त्याचे क्षेत्रफळ 285 चौरस मिमी होते आणि तेल सरकते सुमारे 7.1 मिलिलिटर. स्लेव्हचा व्यास सात अष्टमांश इंच, म्हणजे 22.2 मिमी, क्षेत्रफळ साधारण 388 चौरस मिमी. त्याचा पिस्टन 18.4 मिमी पुढे जातो. फोर्कचे गुणोत्तर 2 ला 1 असेल तर बेअरिंग 9.2 मिमी सरकते. बहुतेक डायफ्रॅम क्लच सुटायला 8 ते 10 मिमी लागतात, म्हणजे हे जमले.

आता पेडल हलके व्हावे म्हणून कोणी पाच अष्टमांश इंचाचा मास्टर लावला तर काय होते? क्षेत्रफळ 198 चौरस मिमीवर येते, तेल फक्त 5 मिलिलिटरच्या आसपास सरकते आणि बेअरिंग जेमतेम 6.4 मिमी जाते. क्लच पूर्ण सुटत नाही. जोराचा हिशेब मात्र उलटा लागतो. बेअरिंगवर 1500 न्यूटन जोर हवा असेल तर पहिल्या जोडीत पायाला सुमारे 92 न्यूटन, म्हणजे 9.4 किलोचा दाब द्यावा लागतो. दुसऱ्या जोडीत तो साडेसहा किलोवर येतो. पेडल मऊ लागते आणि गिअर पडत नाही. ही तक्रार आली की मेकॅनिक बहुधा हवा काढण्याच्या मागे लागतो, पण दोष हवेचा नसतोच, व्यासाचा असतो. म्हणून सिलिंडर विकत घेण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसणे हा या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा टप्पा आहे.

स्लेव्ह सिलिंडर दोन प्रकारे बसतो. एक बेल हाउसिंगच्या बाहेर, फोर्क ढकलणारा. दुसरा आत, इनपुट शाफ्टभोवती कड्यासारखा, ज्याच्या तोंडावरच रिलीज बेअरिंग असते. कड्याच्या प्रकारात फोर्क लागत नाही आणि जागा वाचते, म्हणून मिश्र जोडणीत तो सोयीचा ठरतो. पण त्याचे सील गळले तर बदलण्यासाठी आख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. बाहेरचा स्लेव्ह दोन बोल्ट सोडले की हातात येतो. ज्या गाडीत बेल हाउसिंगच्या बाजूला वीतभर मोकळी जागा आहे, तिथे बाहेरचाच लावावा. आतला बसवायचाच असेल तर त्याचे बेअरिंग पूर्ण मागे असताना डायफ्रॅमच्या बोटांपासून साधारण 3 मिमी अंतर ठेवतात. हे अंतर झिजेसाठी असते. क्लच प्लेट पातळ होत जाते तशी डायफ्रॅमची बोटे गिअरबॉक्सच्या बाजूला, म्हणजे बेअरिंगकडे सरकत येतात. अंतर ठेवले नसेल तर काही महिन्यांत बोटे बेअरिंगवर टेकून राहतात आणि क्लच घसरू लागतो. पेडलखाली पक्का थांबाही हवा, नाहीतर पिस्टन आपल्या मर्यादेपलीकडे जाऊन सील बाहेर येते.

मास्टर सिलिंडर कुठे बसवायचा, हे पेडल ठरवते. टीडीसारख्या गाडीत पेडल तळाखाली फिरत असल्याने मास्टरही खाली, चेसिसच्या आधाराने बसतो आणि तेलाची बाटली वेगळी, फायरवॉलवर उंच लावावी लागते. ज्या गाडीत पेडल वरून लोंबते तिथे मास्टर फायरवॉलवर येतो, पण जुन्या गाडीचा पत्रा पातळ असतो. पेडल दाबल्यावर पत्रा दोन मिमी वाकला तर तेवढी हालचाल वाया गेली. मागून जाड पोलादी पट्टी लावून तो भाग ताठ करावा लागतो. पुशरॉडला एखाद्या मिलिमीटरची ढील ठेवणेही तितकेच महत्त्वाचे. पिस्टन पूर्ण मागे आला नाही तर तेल बाटलीत परतण्याचे बारीक छिद्र बंदच राहते. एक्झॉस्टच्या उष्णतेने नळीतले तेल फुगते, जायला जागा मिळत नाही आणि कोणीही पेडलला पाय न लावता क्लच अर्धा दाबला जातो. थंड असताना उत्तम चालणारी आणि उन्हात तासाभराने क्लच घसरवणारी गाडी बहुधा याच कारणाने त्रास देते.

तेल म्हणजे ब्रेकचेच, डॉट 3 किंवा डॉट 4. ते हवेतली वाफ शोषते, म्हणून उघडी बाटली ठेवून वापरू नये. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, कारण ते रंग उकलते. इंजिन ऑइलचा थेंबही या यंत्रणेत जाता कामा नये, त्याने रबरी सील फुगतात. नळी मास्टरकडे सतत चढती न्यावी, मध्ये कमान आली की हवेचा बुडबुडा तिथे अडकतो. स्लेव्हचा एअर काढण्याचा निपल वरच्या बाजूला हवा. तो खाली आला तर दिवसभर पेडल मारूनही हवा निघत नाही.

बाकीची कामे तुलनेने सरळ आहेत. इंजिनाचे फाउंडेशन चेसिसला भोके न पाडता, जुन्याच बोल्टवर पट्ट्या बांधून करता आले तर उत्तम. ऑइल संप पुढच्या आडव्या बीमला लागत असेल तर संपाचा आकार बदलावा, बीम कापू नये. गिअरबॉक्सच्या आणि अ‍ॅक्सलच्या टोकाला प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस सारख्याच आणि विरुद्ध कोनात हवेत. कोनांत एका अंशापेक्षा जास्त फरक पडला तर वेगात गाडी गुरगुरते. टीडीच्या मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर 5.125 आहे, म्हणजे चौथ्या गिअरात दर हजार फेऱ्यांना ती फक्त 23 किलोमीटर वेग घेते. ताशी 80 ला इंजिन साडेतीन हजारांच्या आसपास फिरत असते. 0.8 च्या जवळपास गुणोत्तर असलेला पाचवा गिअर मिळाला की हाच आकडा पावणेतीन हजारांवर येतो. समृद्धी महामार्गाच्या काळात चालकाला खरा आराम या बदलाने मिळतो, वाढलेली अश्वशक्ती त्यामानाने दुय्यम ठरते.

विजेची बाजू एका सापळ्यामुळे सांगावी लागते. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. नव्या इंजिनाचा ईसीयू (नियंत्रण संगणक), सेन्सर आणि अल्टरनेटर ऋण अर्थवर चालतात. टोके बदलल्याशिवाय चावी फिरवली तर ईसीयू त्याच क्षणी जळू शकतो. इंधन फवारणीला सुमारे 3 बार दाब लागतो आणि जुना एसयू पंप त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणून नवा पंप, परतीची नळी आणि वळणावर पेट्रोल बाजूला गेले तरी पंप कोरडा पडू नये यासाठी एक छोटी मधली टाकी लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी रेडिएटर जाड जाळीचा आणि थर्मोस्टॅटवर चालणाऱ्या विजेच्या पंख्याचा असावा. वेग वाढणार असेल तर ब्रेक आधी सुधारावेत.

कायद्याची बाजू मात्र काम सुरू करण्याआधीच पाहायला हवी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि इंजिन बदलायला नोंदणी प्राधिकाऱ्याची, म्हणजे आरटीओची मंजुरी लागते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधल्या निकालात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. वाहनांच्या चाचणीसाठी मान्यता असलेल्या संस्थांपैकी पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या महाराष्ट्रातच आहेत. जुलै 2021 मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यात क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि पहिल्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे. पण अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत बदल झालेला नसावा. म्हणजे नवे इंजिन बसवलेली टीडी रस्त्यावर कितीही सुरेख धावली तरी व्हिंटेजची पाटी तिला मिळत नाही.

या अटीमुळे जाणकार मालक सगळे काम उलटवता येईल असे करतात. चेसिसवर वेल्डिंग नाही, फायरवॉलला कायमचे भोक नाही, पेडलची जुनी सळई तेल लावून गुंडाळून ठेवलेली. मूळ इंजिन लाकडी चौकटीत उभे ठेवतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून प्लगची भोके बंद करतात, कार्बोरेटरच्या तोंडावर कापड बांधतात आणि पिस्टनच्या कड्या चिकटू नयेत म्हणून महिन्यातून एकदा क्रँक हाताने दोन फेरे फिरवतात. इंजिनावर ठोकलेला क्रमांक ग्रीसने झाकून ठेवतात, कारण उद्या ते पुन्हा गाडीत बसवायचे ठरले तर कागदपत्रांशी जुळवून पाहिला जाईल तो हाच.